दारफळणीचा दसरा

प्रिय सुमन,

गेलेली माणसं परवा संध्याकाळी आपापल्या घरी आली होती आणि आज परत जातात, असं रिबका सांगते. तिला तिच्या आजीनं सांगितलेलं. मी असलं काही मानणारा माणूस नाही, तुला ठाऊक आहे. पण आत्ता दुपारचे साडेतीन झालेत, दिवस मावळायला अडीच तास आहेत, आणि तू खरंच इथं कुठं बसली असशील तर निघायच्या आधी माझं एवढं ऐकून जा. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण जे झालं ते सांगायला जिवंत माणसांत मला कुणी सापडेना.

रिबका म्हणजे माझी बायको. बघ, हे चार शब्द लिहायला मला किती वेळ लागला! वैशाखात आम्ही रजिस्टर लग्न केलं. तुझ्या फोटोला हार घालून निघालो होतो, पण तोंडानं काही सांगितलं नव्हतं. शरम वाटली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं नवा शर्ट घालून फोटोसमोर उभं राहायचं आणि बोलायचं तरी काय?

तर आता सांगतो. दवाखान्यात तान्ह्या बाळांचा वजनकाटा नीट करायला मला बोलावलं होतं. तिथली नर्स म्हणाली, "हा काटा चाळीस ग्रॅम कमी दाखवतो." मी म्हटलं, "बाई, चाळीस का पन्नास ते मी ठरवीन. सव्वीस वर्षं मी हेच काम करून राह्यलो." पेटीतून पितळी वजनं काढली, पाच वेळा ठेवून पाहिलं. बरोब्बर चाळीस! कुठल्या कॉलेजचं तोंड न बघता, काट्यांसोबत येणारी इंग्रजी माहितीपुस्तकं डिक्शनरी लावून वाचत हे काम मी शिकलो. आदिलाबादच्या कापूस बाजारात असा काटा नाही जो माझ्या हाताखालून गेला नाही. माझ्या आधी कुणी चूक पकडावी ही पहिलीच वेळ. कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "रोज बाळं उचलते. हाताला कळतं."

तिचा नवरा इथं सिमेंटच्या कारखान्यात नोकरीला होता. तो वारला, तेव्हापासून ती मुलीला घेऊन दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायची. मुलीचं नाव हॅना. सातवीत आहे, मला काका म्हणते. बोलायला चुरूचुरू. तू असतीस तर आठ दिवसांत तिच्या वेण्या घालायला लागली असतीस.

आणि आपली शीतल? लग्नाचं सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाली, "तुमची मर्जी, बाबा." चंद्रपूरला नोकरी करते. दर रविवारी फोन करते, बीपीची गोळी घेतली का विचारते, आणि ठेवून देते. लग्नाला आली नाही. लग्नानंतर घरी आली नाही. राखी गेली, पोळा गेला, गणपती गेले, महालक्ष्म्या गेल्या. मी "ये" म्हटलं नाही. काऊन म्हणावं? तिचंच घर आहे, स्वतःच्या घरी यायला बोलावणं कशाला लागते, असं माझं म्हणणं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तुमचं म्हणणं बरोबर आहे हो, पण पोरगी येऊन नाही राह्यली, त्याचं काय?"

रिबका ज्यू आहे. बेने इस्राएल म्हणतात त्यांना, अलिबागकडचे. तुला वाटेल कुठले परदेशी लोक, तर तसं काही नाही. घरात मराठी, ताटात भात आणि नारळ, लग्नात मेंदी. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. सणांची नावंही मराठीच. त्यातला मोठा सण म्हणजे दारफळणीचा. वर्षभरात जे चुकलं त्याची माफी मागायचा दिवस. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पांढरे कपडे घालून घराचं दार लावायचं, ते दुसऱ्या दिवशी आकाशात तीन चांदण्या दिसल्यावर उघडायचं. मधे अन्न नाही, पाणी नाही, काम नाही, बाहेरच्या माणसाची भेटगाठ नाही. मुंबईकडचे लोक आता त्या दिवशी सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरात जातात, दार लावून बसणं जुन्या आजीबायांपुरतं उरलं. पण आदिलाबादेत कुठलं सिनेगॉग! म्हणून रिबका क्वार्टरमध्ये आजीसारखीच दार लावून बसायची. आपल्या घरातला तिचा हा पहिलाच सण.

आणि यंदा तो आला नेमका दसऱ्याला.

दसऱ्याला आपलं दार कसं असायचं, आठवते? वाऱ्यानंसुद्धा लागू नये म्हणून तू खाली दगड सरकवून ठेवायचीस. सकाळपासून लोक. मराठी घरातले आपट्याची पानं घेऊन, तेलुगू घरातले शमीची. ती त्यांची जम्मी. तुझ्या ताटात दुपारपर्यंत दोन्ही पानांचा ढीग. मी म्हणायचो, जरा वेगवेगळी ठेव. तू म्हणायचीस, "सोनं आहे ते, त्याले काय जात लावता?"

रिबकानं मला आठ दिवस आधीच सांगितलं होतं, "अहो, तुम्ही तुमचा दसरा करा. लोक येऊ देत. मी आणि हॅना मागच्या खोलीत बसू, त्या खोलीचं दार लावलं म्हणजे झालं."

मी म्हटलं, "असं अर्धवट नको. लावायचं तर पुढचं लावू. मीही बसतो."

"तुम्हाला झेपेल? सकाळचा चहासुद्धा नाही."

"मला काय झेपते ते मला सांगू नको."

हसली ती. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पाहिलं. सुमन, खरं सांगतो, तेव्हा मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं.

मग मी त्या सणाच्या मागे लागलो. मोबाईलवर जेवढं वाचायला मिळालं तेवढं वाचलं, वहीत उतरवलं. आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा तेवीस मिनिटं आधी मावळतो, म्हणून रिबका इतकी वर्षं मुंबईच्या वेळेवर दार लावत होती ते चूक होतं, हे तिला कागदावर मांडून दाखवलं. ती म्हणाली, "आजीकडे तर घड्याळच नव्हतं हो." दिवे पंचवीस तास जळायला पाहिजेत, तर दोन दिवस आधी काचेच्या ग्लासात पाणी घालून वर तेल सोडलं, वात लावली आणि मोजलं. तासाला चार मिलिलिटर. म्हणजे शंभर, आणि वर दहा हाताशी. खंडेनवमीला सकाळीच दुकानातल्या पान्यांची, वजनांची पूजा उरकून घेतली. आणि दारासाठी एक कागद तयार केला. वर मराठीत, खाली तेलुगूत, काळ्या शाईनं, पट्टी लावून: "आज घरात सण असल्यामुळे दार बंद आहे. सोनं घेण्यासाठी कृपया सायंकाळी ६.४० नंतर यावे." अक्षर इतकं सुरेख आलं होतं! तीनदा लांबून पाहिलं.

नवमीच्या संध्याकाळी आम्ही लवकर जेवलो. हॅनाचा पांढरा फ्रॉक, रिबकाची पांढरी साडी, माझा पांढरा सदरा-पायजमा. रिबकानं तेलाचे ग्लास फळीवर मांडले. एक तिच्या नवऱ्याचा, एक आई-वडिलांचा. तिसरा हातात धरून थांबली आणि म्हणाली, "सुमनताईंचा लावू?"

मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच माठावरचं झाकण नीट केलं.

परत आलो तेव्हा तिन्ही दिवे लागले होते. तेव्हाच ती आजीची गोष्ट तिनं सांगितली, गेलेली माणसं आज येतात म्हणून. मी म्हटलं, "अन् दार तर आपण लावून घेतलं!" ती म्हणाली, "त्यांना दाराची काय गरज?" मग मी कडी लावली. माझ्या घड्याळाप्रमाणे, मिनिटाला मिनिट.

तू आली होतीस का गं? आली असशील तर पुढचं तुला ठाऊकच आहे. तरी मला माझ्या तोंडानं सांगू दे.

दसऱ्याच्या सकाळी त्या दोघी प्रार्थनेला बसल्या. पुस्तक मराठी अक्षरांत होतं, भाषा हिब्रू. मला वाटलं, अक्षर आपलंच आहे, वाचून टाकू. पहिल्या पानावर हॅनानं मला चार वेळा थांबवलं. "काका, तिथं नाही थांबायचं. काका, तो शब्द पुढच्यात मिसळायचा." मी पुस्तक तिच्याकडे सरकवलं. दोघी एका सुरात म्हणायला लागल्या. केव्हा उठायचं, केव्हा बसायचं, केव्हा छातीवर हात ठेवायचा, एकमेकींकडे न बघता त्यांना समजत होतं. मी दर वेळी एक क्षण मागून उठायचो. मग वाटलं, आपण इथं उभं राहून यांचा सूर बिघडवतोय.

सुमन, स्वतःच्या घरात, स्वतःच्या भिंतींमध्ये मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. तू गेल्यावरसुद्धा नाही. तेव्हा निदान घर रिकामं होतं, एकटं वाटायला कारण होतं. इथं दोन माणसं हाताच्या अंतरावर होती आणि मी त्यांच्यात नव्हतो. बाहेर सगळी गल्ली दसरा करत होती, मी त्यांच्यातही नव्हतो. मी खुर्ची उचलली आणि दाराजवळ जाऊन बसलो. राखण करायला. त्या सणात माझ्या हाताला येईल असं तेवढंच एक काम होतं, म्हणून ते मी घट्ट धरलं.

लोक येत होते. शेजारच्या मल्लेशमनं तळहातानं दार थापलं. "काटा अण्णा! ओ काटा अण्णा! जम्मी आणली!" मग कागद वाचायला लागला, मोठ्यानं, एक एक अक्षर लावत. "सहा चाळीस? अण्णा, ही काय रेल्वे आहे?" बायको खिदळली त्याची. गांधी जयंतीमुळं मटणाची दुकानं बंद, तर त्यानं आदल्या दिवशीच आणून ठेवलेलं, त्याच्या रस्स्याचा वास खिडकीच्या फटीतून येत होता. मी हललो नाही. मग दोन-तीन मुलं आली, मग पलीकडच्या मास्तरीणबाई. सगळे कागद वाचून गेले. कागदाचं काम चोख चाललं होतं.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी परत दार वाजलं. तळहातानं नाही, बोटांनी. तीन वेळा. थोडं थांबून परत तीन वेळा.

रिबकानं पुस्तकातून डोकं वर केलं. "कोणीतरी लांबून आलंय वाटतं. उघडा."

"कागद लावला आहे."

"अहो, उघडा. कोणी अडचणीतलं असलं तर? आजीसुद्धा असं कोणी आलं तर उघडायची."

"तुझ्या आजीजवळ घड्याळ नव्हतं, तिचं सोडून दे. बंद म्हणजे बंद."

हॅना उठली. "मी फटीतून बघू, काका?"

"बस खाली."

बसली बिचारी. बाहेर कुणीतरी जरा वेळ उभं होतं. चपलांचा आवाज झाला, थांबला, परत झाला, आणि गल्लीच्या तोंडाकडे गेला.

मला कळलं होतं का? काल संध्याकाळपासून हेच स्वतःला विचारून राह्यलो. नाही, कळलं नव्हतं. पण मी उठलोसुद्धा नाही. कान लावला नाही. जिचा सण ती उघडा म्हणत होती, आणि मी तिच्यापेक्षा कडक पाळून दाखवत होतो! हे मी कुणासाठी करत होतो, सांग बरं?

संध्याकाळी अंगणाकडच्या खिडकीतून रिबका आणि हॅना चांदण्या शोधायला लागल्या. मी घड्याळ बघत होतो. सहा चाळीसला हॅनाची तिसरी चांदणी आणि माझा काटा एकदमच जुळले. मी कडी काढली.

कागदावर माझ्या तेलुगू ओळीच्या खाली, निळ्या बॉलपेननं, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: "बाबा, आले होते. सोनं चौकटीत ठेवलं आहे. शीतल." आणि चौकटीच्या खाचेत आपट्याची जुडी. दिवसभराच्या उन्हानं पानं वळून गेली होती.

हाक काऊन मारली नाही तिनं? एकदा "बाबा" म्हटलं असतं तर मी दार मोडून बाहेर आलो असतो. पण ती माझीच मुलगी. कागद वाचल्यावर हाक मारणारी नव्हे.

मोबाईल सुरू केला. तिचा फोन नव्हता. तुझ्या भावाचा, भाऊरावचा निरोप होता: शीतल जैनथला आमच्याकडे आली आहे. बस्स. तेवढ्यात मल्लेशम आला, मागोमाग सगळी गल्ली आली, आणि मी दारात उभा राहून "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणत राहिलो. हात पानं देत होते, घेत होते. रिबकानं आत सरबताचा एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. कागद तिनं वाचला होता. मी काही बोलेन म्हणून थांबली, मग तीच म्हणाली, "उद्या शिळा सण. आमच्यात उद्या माणसांना भेटायला जातात. जाऊ आपण."

आज सकाळी सांज्याच्या पोळ्या बांधून आम्ही तिघं जैनथला गेलो. भाऊरावच्या अंगणात सोयाबीन वाळत पडलं होतं. शीतल ओट्यावर बसून पेरू कापत होती. बारीक झाली आहे गं. केस मागे घट्ट बांधले की कपाळ अगदी तुझं. उठून माझ्या पाया पडली. रिबकाला नमस्कार केला, लांबून, आणि परत पेरू कापायला बसली. भाऊराव "या, या" म्हणाला आणि पाणी आणायला आत गेला, तो आतच राहिला.

मी वाक्य जुळवत होतो. रिबका थांबली नाही.

"शीतल, काल दार उघडलं नाही ते माझ्यामुळं. माझा सण होता. आमच्यात त्या दिवशी बाहेरच्या माणसाला आत घेत नाहीत. तुझी माफी मागायला आले."

शीतलचा हात थांबला. "बाहेरच्या माणसाले," ती म्हणाली.

"तसं नाही गं, म्हणजे..."

"नाही, बरोबर आहे तुमचं. सण आहे तर पाळलाच पाहिजे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आईच्या वेळी दसऱ्याले दार लोटलेलंसुद्धा नसे. हो नं, बाबा?"

सुमन, तिथं एका वाक्याची जागा होती. एकाच. "ही उघडा म्हणत होती, मी उघडलं नाही." दहा शब्दसुद्धा नाहीत. रिबकानं माझ्याकडे पाहिलंही नाही, मला अडकवायला नको म्हणून. हॅना मात्र बघत होती. आणि मी काय बोललो, माहीत आहे?

"चंद्रपूरहून किती वाजताची गाडी होती तुझी?"

"सहाची."

"म्हणजे दहाला पोचली असशील. मग दहा पन्नास कसे झाले?"

"आपट्याची चांगली पानं भेटून नव्हती राह्यली, बाबा. तीन ठिकाणी पाह्यली."

चहा झाला. पोळ्यांचा डबा रिबकानं ओट्यावर ठेवला, तो शीतलनं आत नेला नाही. निघताना हॅनाच्या हातात एक पेरू दिला तिनं. "नाव काय तुझं?" विचारलं. हॅनानं सांगितलं. बास, एवढंच. उद्या सकाळी साडेसातच्या गाडीनं ती चंद्रपूरला परत जाणार, हे भाऊरावनं मला फाटकापाशी सांगितलं. तिनं नाही.

परतीच्या बसमध्ये रिबका पुढच्या सीटवर बसली, खिडकीकडे तोंड करून. हॅना माझ्या शेजारी. पेरू तिनं खाल्ला नव्हता, ओढणीत धरून बसली होती. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर हळूच म्हणाली, "काका, आई तर उघडा म्हणत होती."

"हो."

"मग तुम्ही काऊन नाही सांगितलं?"

इथं वाढलेली पोरगी, आपल्यासारखंच काऊन म्हणते. मी कंडक्टरकडे बघितलं, जसं काही तिकीट घ्यायचं राहिलं होतं. तिनं परत विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यापासून मी या टेबलाशी बसलोय. आणि मला तुझी एक जुनी गोष्ट सारखी आठवते. माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं इंद्रवेल्लीला. गजर मी लावला होता. माझं घड्याळ कधी मागे पडत नाही, अशी माझी सगळ्या नातलगांत ख्याती! आणि ते रात्री बंद पडलं. चावी द्यायची मीच विसरलो होतो. आपण पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. माझी आई सगळ्यांसमोर तुला बोलली. तू मान खाली घालून म्हणालीस, "माझंच आवरणं झालं नाही, आत्या." मी तुझ्या शेजारी उभा होतो. चांगले कपडे घालून, ताठ. एक शब्द बोललो नाही. घरी आल्यावर तुला विचारलंसुद्धा नाही, की असं काऊन म्हटलं.

आज विचारतो. काऊन म्हटलंस गं? माझ्या वाटचं बोलणं तू आयुष्यभर स्वतःवर घेत गेलीस आणि मला वाटत गेलं की माझ्या हातून चूक होतच नाही. एकदा तरी सगळ्यांसमोर म्हणायचं होतं, "घड्याळ यांचं बंद पडलं!" मी रागावलो असतो, आठ दिवस बोललो नसतो, पण आज जैनथच्या ओट्यावर माझं तोंड उघडलं असतं. तुझ्यावर रुसायचा मला हक्क नाही, तरी रुसतो. आणि आता तुझ्या जागेवर दुसरी बाई येऊन अगदी तेच करायला लागली आहे. तिला कुणी शिकवलं? तिनं तर तुला पाहिलंही नव्हतं.

मघाशी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "तू कशाला स्वतःवर घेतलंस?" ती कपडे घड्या घालत होती. म्हणाली, "मग काय करू? तुमच्या मुलीसमोर तुम्हाला खोटं पाडू?" थोड्या वेळानं म्हणाली, "काल दिवसभर मी माफी मागितली. ज्यांचं मी काही बिघडवलं असेल त्या सगळ्यांची. तुमच्या वतीनं मागता येत नाही ती. तेवढं आमच्यात नाही." घड्या घालून झाल्या आणि ती आत गेली. रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

हॅना बाहेर पायरीवर अभ्यास करतेय. मला चहा विचारायला ती आज आली नाही. रोज येते.

तर आता तू निघशील. थांब म्हणत नाही. तिकडची वेळ तुमची तुम्हाला माहीत. फक्त एवढं ऐकून जा, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर मी उद्यापर्यंत त्याला काहीतरी कारण जोडीन.

उद्या सकाळी साडेसातच्या चंद्रपूरच्या गाडीला मी स्टँडवर असेन. फोनवर सांगणार नाही, भाऊरावकडून निरोप देणार नाही, चिठ्ठी लिहिणार नाही. रिबकाला बरोबर नेणार नाही, नाही तर ती परत मधे बोलेल. हॅनाला नेईन. ती येईल का माहीत नाही, विचारीन. तिच्यासमोर शीतलला सांगेन की रिबका उघडा म्हणत होती आणि दार मी बंद ठेवलं. दोनदा म्हणाली होती, मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. एवढं सांगितल्यावर "पण" म्हणणार नाही. नियम काय होता, कागदावर काय लिहिलं होतं, यातलं काही काढणार नाही. ती चिडली तर चिडू देईन. गाडी लागलेली असेल आणि न बोलता चढली, तर खिडकीखाली उभा राहीन. आणि जे मी सहा महिन्यांत म्हटलं नाही ते म्हणेन, की घरी ये.

ती येईल का, हे मी तुला लिहून देऊ शकत नाही. मी जाईन, हे देतो.

तुझाच,
दिगंबर